पोपटकाकाची साक्ष

पोपटकाका गेला. गेल्या महिन्यात गेला, वाशीच्या दवाखान्यात, खाटेवर, अंगावर हिरवी चादर होती. हे एवढं सांगायचं कारन गावात चाळीस वर्षं सगळे बोलायचे, पोप्या पान्यातच जानार, पानी याचा हिशोब घेतल्याशिवाय ऱ्हानार नाय. नाय गेला पान्यात. गावाची एक गोष्ट खोटी पडली. दुसरी अजून चालू हाय, मयतीला आलेली मानसंबी तीच कुजबुजत होती. ती नीट सांगायला पायजे.

दिवाळे गावाला, खाडीच्या अंगाला घर. घरात म्हातारी बायजाबाई आनि तिचे दोन पोरगे. थोरला वामन, धाकटा पोपट. वामन कमी बोलायचा. पोपटाचं तोंड बंद नसायचं. चिंबोरी पकडली बोटाएवढी तर घरी येईस्तोवर ती कोपराएवढी व्हायची. लोक बोलायचे, "पोप्या, तुजी चिंबोरी उकडायला पिंप लागंल रं!" तो बोलायचा, "पिंप कशाला, तुज्या बायकोचा हंडा आन." असा. पन दोघा भावांत जीव होता. एका होडीत बसायचे, एका ताटात खायचे. वामनाची बायको पुतळा, शेजारच्या करावे गावची. तिला एकच पोरगा, धर्मराज. पोपटाचं लगीन व्हायचं होतं, पोरी बघायचं काम चालू होतं.

चौऱ्याहत्तर सालचा वैशाख. पुतळाकाकीच्या भावाची हळद होती कराव्याला. म्हातारी, काकी, धर्मा, सगळी तिकडं ऱ्हायला गेली. दोघं भाऊ जेवून परत आले, कारन पहाटेची भरती होती, जाळं लावायचं होतं. पोपट हळदीत जास्त प्यायला. घरात न जाता जाळ्यांच्या खोपीत ढिगावरच पडला.

पहाटेला वामन आला, पायानं ढोसलं. "ऊठ रं, भरती लागली."

"तू हो पुढं, मी येतंय."

"कुटं येतंस? पोहत?"

"झोपू दे ना दादा."

"झोप मंग. मासळी काय तुजी वाट बघत बसायची नाय." आनि वामन एकटाच गेला.

बस, हे एवढंच खरं हाय. दुपारी वळवाचा वारा सुटला, खाडी काळी झाली, होडी तिसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत अडकलेली गावली, पालथी. वामन गावला नाय. उरनपर्यंत शोधला, घारापुरीला शोधला. नायच.

तवा पोपटानं रडत सगळ्यांना सांगितलं, मी झोपलो होतो, मना उठवला, मी उठलो नाय. कोन बघायला होतं? कोनीच नाय. गाव हळदीत होतं. पन तवा त्याच्यावर इश्वास ठेवला सगळ्यांनी. दारू पिऊन झोपला हे कोनालाबी पटतंय.

आता आमच्या भावकीतली एक रीत सांगायला पायजे. पान्यात गेलेल्याचं शरीर हाताला लागलं नाय, तर आमची म्हातारी मानसं त्याला मेला बोलत नसत. दर्याव हाय, म्हनजे दर्यावर गेलाय, असं बोलायचं. बायजाबाईनं तेच धरलं. माझा वामन दर्याव हाय. रोज दिवेलागनीला ती त्याचं ताट वाढायची, तांदळाची भाकर, जवळा, कांदा, आनि उंबऱ्याच्या आत ठेवायची. सकाळी ते कुत्र्याला. पुतळाकाकीनं कुंकू पुसलं नाय, बांगड्या फोडल्या नाय. पुसायचं कसं? सासू रोज ताट वाढतेय.

तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत गावाभोवतीचं सगळं बदलायला लागलं. शेतं सरकारनं घेतली, डोंगर फोडून ट्रक भरभरून माती खाडीकाठच्या खाजनात पडायला लागली. खाडीच्या पान्याला कधीकधी रंग यायचा, मासळीला घासलेटचा वास यायचा. पुतळाकाकी टोपली घेऊन पनवेलीला जायची तर गिऱ्हाईक बोईट हुंगून परत टाकायचं. पोपट एकटा होडी काढायचा, घर तोच चालवायचा. आनि धर्मा शिकत होता. बारावीची पैलीच बॅच ती, सत्त्याहत्तर साल. सायन्स घेऊन पनवेलीला पास झाला, चांगल्या मार्कांनी.

धर्माचे जुने मास्तर श्यामसुंदर गुरुजी. देशावरचे, वाशीच्या नव्या वसाहतीत ऱ्हायचे, सायकलवर यायचे. ते एक दिवस कागद घेऊन घरी आले. बोलले, कर्नाटकात सरकारी विद्यापीठ आहे, तिथं मासळीचं शास्त्र शिकवतात, चार वर्षांचं. आपल्याकडे तसलं अजून नाही. धर्मराजचा नंबर लागलाय.

शेजारच्या बाया दारातच जमल्या. "अगो बाय, मासळीचं कॉलेज? मंग आमी काय अजून बालवाडीत बसलोय?"

"चार वरसं मासळी शिकनार! आमच्या पोराला चार वरसांत चार डोलीची जाळी इनता येतात."

"तिकडं मासंबी इंग्रजी बोलत असंल."

सगळ्या हसल्या, काकीबी हसली. मंग गुरुजींनी फी सांगितली आनि हसनं थांबलं. तिथल्या राज्यातल्या पोरांना फी थोडी. बाहेरच्या राज्यातनं येनाऱ्याला तिच्या तिप्पट, वर हॉस्टेल, खानावळ. तेवढे पैसे सगळ्या गावातबी नसतील.

गुरुजी बोलले, "पण थांबा. विद्यापीठ दरवर्षी बाहेरच्या राज्यातल्या दोन मुलांना पूर्ण फी माफ करतं. खानावळीचे पैसेसुद्धा देतं. अट एकच. वडील मच्छीमार असावेत आणि मासेमारी करताना वारलेले असावेत. धर्मराज बरोब्बर बसतो. वामनरावांचा मृत्यूचा दाखला काढलाय ना?"

बायजाबाई तवा घरात नव्हती, सुकटी वाळत घातली होती तिथं राखनीला बसली होती. नायतर तिथंच संपलं असतं.

पुतळाकाकी खाली बघून बोलली, "गुरुजी, ते दर्याव हायत."

गुरुजींना पैल्यांदा समजलंच नाय. मंग समजलं. बोलले, "वहिनी, मला कळतं. पण सरकारला हे लिहून चालत नाही. माणूस बेपत्ता असेल तर सात वर्षं सरकार त्याला जिवंत धरतं. म्हणजे अजून चार वर्षं. तोवर ही जागा राहील का? हां, कुणी बरोबर असेल, बुडताना डोळ्यांनी पाहिलेलं, त्यानं तहसीलला लिहून दिलं तर दाखला लगेच मिळतो. होतं का कुणी होडीत?"

पोपट कोपऱ्यात बसून जाळं सांधत होता. त्याला कोनी विचारलं नव्हतं. मान वर न करता तो बोलला, "मी होतो."

धर्मानं काकाकडं बघितलं. काकीनं बघितलं. पोपटाची सुई चालूच होती.

"डोळ्यांनी पाहिलंत?"

"बघितला. माज्या डोळ्याम्होरं गेला."

गुरुजी साधे होते, पन येडे नव्हते. बोलले, "पोपटराव, हे प्रतिज्ञापत्र असतं. खोटं निघालं तर तुम्हांला तुरुंग. आणि मुलाला कॉलेजातून काढतील, दिलेली सगळी फी वसूल करतील. विचार करून सांगा."

"इचार कसला? होतो तर होतो."

गुरुजी गेल्यावर काकी कुजबुजली, "भाऊजी, तुमी तर खोपीत झोपला होता."

"मंग काय करू वयनी? पोराला चिखलात निवट्या पकडायला लावू? त्या दिवशी झोपलो म्हनून दादा एकटा गेला. आता परत झोपू?"

तहसीलच्या कचेरीत पोपट नि काकी गेली. कारकुनानं विचारलं तसं पोपट सांगायला लागला. वारा कुठनं आला, शीड कसं फाटलं, पानी होडीत कसं भरलं, दादा कुठल्या अंगाला पडला, एकदा वर आला, दुसऱ्यांदा नुसता हात वर आला. कारकून लिहायचं सोडून ऐकत बसला. शिपाईबी दाराला टेकला. सांगताना पोपटाच्या डोळ्यांतनं खरंच पानी आलं.

बाहेर यष्टी स्टँडवर दोघं चा प्यायली. काकी बोलली, "एवढं सगळं कशाला सांगितलंत? बुडाला बोलला असता तरी झालं असतं."

"नाय वयनी. नुसतं बुडाला बोललो तर कोनी नाय मानत."

"हात वर आला ते कुठनं आनलंत?"

पोपटानं कप खाली ठेवला. "मना दिसला," बोलला.

काकीला ते बरं नाय वाटलं. पन दाखला मिळाला, माफी मंजूर झाली, आनि धर्मा पत्र्याची पेटी घेऊन कर्नाटकात गेला. जाताना त्यानं विचारलं, "काका, तिकडं कोनी इचारलं तर काय सांगू?"

"सांग, काकानं बघितलं. कागदापुरतं हाय रं. तू पुस्तकाकडं बघ."

म्हातारीला यातलं काय कळू दिलं नाय. तिला सांगितलं, सरकार गरिबाच्या पोरांना फुकट शिकवतंय. ती खूश झाली. बोलली, वामन आला की त्याला केवढं बरं वाटंल. आनि ताट वाढलं.

ते वर्ष बरं गेलं नाय. कोनाला काय झालं असं नाय, पन पोपट बदलला. गप्पा कमी झाल्या. होडीत एकटा बसला की मागं वळून बघायचा, कोनी तरी बसलंय तसं. तिवरांच्या वळनावर आला की वल्हं जोरात मारायचा. एकदा दिनानाथ तांडेलानं दुसऱ्या होडीतनं हाक मारली, "पोप्या, कोनाशी बोलतंस रं?" तो बोलला, "कोनाशी नाय." पन त्याचे ओठ हालत होते ते तांडेलानं बघितलं होतं. काकीला त्यानं एकदा सांगितलं, की वयनी, आता मना आठवतंय काय खरं नि काय सांगितलेलं ते, पन कधीकधी आठवायला येळ लागतंय.

दुसऱ्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, गुरुजी भिजत आले. हातात धर्माचं पत्र. विद्यापीठाला निनावी अर्ज गेला होता. दिवाळ्याच्या वामनचा मृत्यू झालेलाच नाय, भाऊ होडीत नव्हता, फीमाफी खोट्या कागदावर घेतलीय, असं. अर्ज कोनी लिहिला ते आजतागायत कळलं नाय. ज्याच्या पोराची जागा हुकली तो, नायतर आपलाच कोनी. विद्यापीठानं इकडं कलेक्टरला चौकशीला लिहिलं होतं. चौकशी होईस्तोवर धर्माची माफी थांबवली. त्याला खानावळीत ताट बंद झालं होतं, एक सोबती आपल्यातलं अर्धं देत होता.

गुरुजी बोलले, "कलेक्टरकडून सर्कल साहेब चौकशीला शनिवारी येतील. म्हातारीला तेवढा वेळ कुठंतरी पाठवा."

शनिवारी बायजाबाईला कराव्याला पाठवायचं ठरलं. पन साहेब शुक्रवारीच आला. तलाठी बरोबर. रस्ता चिखलाचा, यष्टी अडकलेली, येता येता दिवेलागन झाली. म्हातारी आत चुलीपाशी भाकरी करत होती. ताट वाढून झालं होतं.

साहेब खुर्चीवर बसला. उंबऱ्याकडं बघून बोलला, "हे ताट कुणाचं?"

काकी बोलली, "देवाचं."

साहेबानं तिच्याकडं बघितलं. नीट बघितलं. "बाई, नवरा चार वर्षांमागं वारला म्हणता. आणि कपाळाला कुंकू?"

तलाठ्यानं मान फिरवली. पुतळाकाकीनं पदर घेतला आनि कपाळ पुसलं. सुक्या पदरानं ते निघालं नाय, कपाळभर पसरलं. ती परत परत पुसत होती. तिला ते पुसायला चार वर्षं जमलं नव्हतं, आनि आता एका खुर्चीवर बसलेल्या मानसानं इचारलं म्हनून पुसत होती.

साहेब पोपटाकडं वळला. "तू होडीत होतास?"

"होतो, साहेब."

"मग तू पोहून आलास आणि तो का नाही आला? तो तुझ्यापेक्षा चांगला पोहायचा असं गाव सांगतं."

पोपट आतल्या म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत नव्हता, अगदी हळू सांगत होता. पन घर केवढं? शीड फाटलं ते सांगितलं, पानी भरलं ते सांगितलं. साहेब पेनानं टकटक करत होता, त्याला पटत नव्हतं. ते पोपटाला दिसलं. धर्माचं बंद झालेलं ताट त्याच्या डोळ्याम्होरं होतं. मंग त्यानं जे कचेरीत सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"साहेब, मी पालथ्या होडीवर होतो. दादाला वल्हं दिलं. त्यानं धरलं. लाट आली तशी तो मना ओढायला लागला. मी पन जानार होतो. मी... मी वल्हं सोडलं, साहेब."

साहेबाचं पेन थांबलं. आपनच आपल्यावर असला आळ कोन घेतो? त्यानं वही मिटली. "पुरे," बोलला, आनि त्याचा आवाजबी बदलला होता.

आत फुंकनीचा आवाज चालू होता, तो थांबला.

बायजाबाई बाहेर आली. हाताला पीठ तसंच. कोनाकडं बघितलं नाय. उंबऱ्याचं ताट उचललं, मागल्या दारानं गेली आनि भाकर, जवळा, कांदा सगळं खाडीत टाकलं. रिकामं ताट घेऊन परत आली तवा साहेब निघाला होता.

"वल्हं का सोडलंस?" एवढंच तिनं विचारलं.

"आये, तसं नाय."

"का सोडलंस, रं?"

सकाळी पोपट तिच्या पायाशी बसला आनि सगळं खरं सांगितलं. हळद, दारू, खोप, दादा पायानं ढोसून गेला ते. धर्माची फी, दाखला, अर्ज, सगळं. म्हातारी ऐकत होती.

"काल साहेबाम्होरं रडलास. आता डोळं सुकं हायत. मना शिकवतंस, कुठलं खरं नि कुठलं खोटं?"

पुतळाकाकी मधी पडली. "आये, खरंच वो. मी इथं होती, हे माज्याम्होरं ठरलं. पोरासाठी."

"तू गप ऱ्हा. तुला पोराची फी पडलीय. तू काय बी सांगशील."

आनि म्हातारी देवळात गेली. पंचांना बोलवा बोलली.

इथं सगळं येऊन अडकलं, ते समजून घ्या. तलाठी गावातच ऱ्हायचा, चौकशीचा कागद अजून त्याच्याच पिशवीत होता, सोमवारी कचेरीत जायचा होता. शनिवार म्हनून आलेले गुरुजी पोपटाला देवळामागं घेऊन गेले. त्यांचा चेहरा उतरलेला. बोलले, "पोपटराव, मला खरं सांगू नका. मला ऐकायचंच नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा. इथं गावापुढं नाही म्हणालात, तर तलाठ्याला ते लिहावं लागेल. तुम्ही आत जाल. पोरगा बाहेर येईल."

"आनि हो बोललो तर?"

गुरुजी देवळाकडं चालायला लागले.

देवळात गाव भरलं होतं. बायजाबाई देवाम्होरं बसली होती. तिनं पोपटाला इचारलं नाय, पंचांना बोलली, "याला बेलभंडारा उचलायला सांगा. काल सांगितलं ते खरं असंल तर उचलू दे. खोटं असंल तर ठेवू दे, मी वामनाचं ताट परत वाढीन." आनि पैल्यांदाच तिचा आवाज फाटला. "ठेव रं पोपटा. ठेव."

तिला काय पायजे होतं ते तवा त्याला कळलं. तिला पोरगा दर्यावर परत पायजे होता. एक शब्द बोलला असता तर मिळाला असता.

तलाठी दारात उभा होता, पिशवी काखेत.

पोपटानं बेलभंडारा उचलला. बोलला, "मी होडीत होतो. वल्हं मी सोडलं."

देवाम्होरं खोटी शपथ. तो दिवस आनि शेवटचा दिवस, त्यानं देवळाची पायरी चढली नाय.

पुढलं जास्त सांगायला नको. सोमवारी कागद गेला. महिन्याभरात धर्माची माफी चालू झाली, मागल्या महिन्यांची खानावळबी मिळाली. इकडं पोपटाला होडीत कोनी घेईना. स्वतःची होडी होती, पन डोलीला एकटा मानूस पुरत नाय, जोडीला पायजे. दिनानाथ तांडेल एवढा जवळचा, तो घरी येऊन बोलला, "पोप्या, राग नको मानू. मना काय नाय वाटत. पन माजी पोरं बोलतात, भावाचं वल्हं सोडलं, आपलं काय धरनार?"

"बरोबर हाय त्यांचं," पोपट बोलला.

सांगून आलेल्या पोरी गेल्या त्या गेल्याच. होडी विकली. महाप्याला कारखाने निघत होते, तिथं वॉचमन लागला. दगडाच्या खानी, धूर, आनि रात्रंदिस एक आंबूस वास. ज्याचं तोंड बंद नसायचं तो मानूस फाटकाशी स्टुलावर बसून असायचा. पगार काकीच्या हातात द्यायचा. म्हातारी त्याच्या पैशाचं तांदूळ वेगळं शिजवायला सांगायची आनि त्यातलं खायची नाय. वामनाचे दिवस घातले तिनं, पिंड दिले, पिठाचा मानूस करून जाळला. पोपट लांब तिवरांपाशी उभा होता. कावळा शिवला. सगळे बोलले, बघा.

ऐंशी साली बायजाबाई गेली. शेवटी जीभ सुकली, पानी मागत होती. पोपट वाटी घेऊन आला तर तिनं दात मिटले. काकीनं दिलं तवा प्यायली. धर्माची परीक्षा होती, तो नव्हता.

एक्याऐंशीला धर्मा पास झाला. पैल्या वर्गात. गुजरातच्या किनाऱ्यावर सरकारी नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. तो आईला न्यायला आला. काकाच्या पाया पडला, बोलला, "काका, तू होतास म्हनून." पन बोलताना जमिनीकडं बघत होता. तू पन चल, असं बोलला नाय. पोपटानं पन अपेक्षा धरली नव्हती. त्याला पोरगा इस्त्रीच्या शर्टात बघायचा होता, तो बघितला.

बेलापूरच्या स्टँडवर पेटी पोपटानंच डोक्यावरनं आनली. धर्मा तिकिटाला गेला. पुतळाकाकी गाडीत बसली, खिडकीशी. पोपट खाली उभा. तिचं कपाळ उघडं होतं, आता ते सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं.

ती वाकली. "भाऊजी, आता दाखला झाला, पोरगा मार्गी लागला. आता कोनी इचारायला येनार नाय."

"नाय."

"मंग मना एकदा खरं सांगा. तुमी होडीत होता?"

पोपटाला वाटलं, ती चेष्टा करतेय. खोपीतलं तिला माहीत, कचेरीतलं तिला माहीत. सगळ्या गावात एक तिलाच माहीत होतं, त्याच्यावरच त्यानं तीन वर्षं काढली होती. "वयनी, तुमाला तर ठाऊक हाय."

"मना काय ठाऊक हाय? मी कराव्याला होती."

त्यानं शपथ घ्यायला तोंड उघडलं. पन शपथ कसली घेनार? देवाची घेतली होती, आईच्या म्होरं घेतली होती. खरं पटवायला त्याच्यापाशी काय उरलंच नव्हतं.

"मी झोपलो होतो वयनी," तो बोलला. "खोपीत."

काकीनं मान हालवली. लहान पोर काय तरी सांगतं नि आपन हां हां करतो, तशी हालवली. "बरं," बोलली. "जपून ऱ्हावा." आनि धर्मा आला, गाडी सुटली.

त्याच्यामागं धर्माची पत्रं यायची, दिवाळीला एक, होळीला एक. पोपटकाका ती आम्हा भावकीतल्या पोरांकडून वाचून घ्यायचा. हवा कशी, नोकरी कशी, पोरं कशी, सगळं असायचं. वाचून झालं की तो विचारायचा, "खाली अजून काय लिवलंय?" काय नसायचं, काकीचा निरोपबी नाय. तो तरी पत्र हातात घेऊन उलटं करून बघायचा.